कारवानी कुत्रा : लक्षणें, जोपासना व आजचा उपयोग

शेतकऱ्याच्या दाराशीं बैलजोडी, एखादें दुभतें जनावर, चार शेळ्या आणि राखणीस कुत्रें, असा हा परिवार फार जुन्या काळापासून चालत आला आहे. बैलाचे दांत पाहून त्याचें वय सांगणारे आणि म्हशीच्या शिंगांवरून तिची जात ओळखणारे जाणते लोक आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत. परंतु दारांतील कुत्र्याविषयीं विचारिलें असतां, 'कुत्रें तें कुत्रें, त्यांत पाहावयाचें काय?' असें उत्तर बहुधा मिळतें. ही उपेक्षा आपल्या दख्खनच्या एका उत्तम जातीस फार महाग पडत आहे. ती जात म्हणजे कारवानी होय.

या जातीपुढील अडचण मोठी विलक्षण आहे. हिचा देह, हिची दृष्टि व हिचा स्वभाव हीं सर्व पिढ्यान्‌पिढ्या ससे व हरणें यांच्या मागें धांवण्यासाठीं घडलेलीं. आणि ती शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद झालेली. ज्याचें काम गेलें त्या बैलास दावणीला कोणी ठेवीत नाहीं. मग काम गेलेला हा कुत्रा शेतकऱ्यानें कां ठेवावा, व ठेवावयाचा तर त्याची निगा कशी राखावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. नांव व मूळ

व्यापाऱ्यांच्या तांड्यांस फारसी भाषेंत 'कारवान' म्हणतात. मध्य आशिया व इराण या बाजूंनीं दक्षिणेंत आलेल्या तांड्यांबरोबर हीं कुत्रीं आलीं, व म्हणून त्यांस कारवानी हें नांव पडलें, अशी परंपरागत समजूत आहे. तिकडील साळुकी व ताझी या धांवत्या कुत्र्यांशीं यांचें रूप पुष्कळ जुळतें, यावरून ही समजूत निराधार वाटत नाहीं. ज्या कुत्र्यांच्या कानांवर, शेपटीवर व पायांच्या मागील बाजूस रेशमासारखे लांब केंस असतात, त्यांस 'पश्मी' म्हणतात. 'पश्म' या फारसी शब्दाचा अर्थ लोंकर असा आहे. आंखूड केंसांचा तो कारवानी व झालरीचा तो पश्मी, असा भेद आपल्याकडे करितात.

लातूर, सोलापूर, सांगली, सातारा हे आपल्याकडील जिल्हे आणि पलीकडील विजापूर व बागलकोट हा कोरडा मुलूख या जातीचें घर होय. उघडें माळरान, कमी पाऊस आणि दूरवर दिसणारें क्षितिज जेथें आहे तेथेंच दृष्टीनें शिकार करणारा कुत्रा टिकतो. कोंकणच्या दाट झाडींत त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

मुधोळ संस्थानचे अधिपति श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनीं आपल्या मुलखांतील बेडर लोकांजवळचीं हीं कुत्रीं पाहून त्यांची निवडक पैदास केली, आणि इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांस एक जोडी नजर केली, असें सांगतात. तेव्हांपासून 'मुधोळ हाउंड' हें नांव रूढ झालें. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरीं ही जात 'कॅरव्हान हाउंड' या नांवानें आहे, तर दुसऱ्या एका श्वानसंस्थेच्या दप्तरीं 'मुधोळ हाउंड' या नांवानें. नांवांच्या या दुहेरीपणामुळें कित्येक खरेदीदार फसतात, व एकच जात दोन समजून दोन किंमती देतात. ९ जानेवारी २००५ रोजीं भारतीय टपाल खात्यानें चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढिलीं, त्यांत मुधोळ हाउंड होता. २०१६ सालीं लष्करानें या जातीचीं पिल्लें मेरठ येथील आपल्या केंद्रांत शिक्षणासाठीं नेलीं. मुधोळजवळ तिम्मापूर येथें कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें श्वान संशोधन केंद्रही आहे. शेजारच्या प्रांतानें जें ओळखलें तें आपण ओळखूं नये, ही खेदाची गोष्ट आहे.

२. अंगलक्षणें

चांगला कारवानी नर खांद्याशीं सुमारें २७ ते २९ इंच उंच भरतो; मादी त्याहून दोन इंचांनीं कमी. वजन सामान्यतः २० ते २८ किलोंच्या दरम्यान असतें. डोकें लांब व अरुंद, कानांमध्यें किंचित्‌ रुंद आणि नाकाकडे निमुळतें होत गेलेलें असावें. जबडा बळकट, डोळे मोठे व तेजस्वी, कान मध्यम आकाराचे व गालांलगत खालीं लोंबणारे, मान लांब व बांकदार. छाती खोल असून कोंपरापर्यंत उतरलेली, व पोट एकदम वर खेंचलेलें. पाय सरळ, हाडें बारीक पण कठीण. शेपूट लांब, शेवटाकडे निमुळती, आणि चालतांना खालीं धरून टोंकाशीं किंचित्‌ वळलेली. कातडी पातळ व अंगास चिकटलेली. रंग पिवळट, तांबूस, राखी, काळा किंवा बांडा असा कोणताही चालतो. रंगावरून जातीची पारख करूं नये.

या घडणीचें कारण ध्यानीं घेतलें पाहिजे. भरधांव पळतांना या कुत्र्याचे चारही पाय एका झेपेंत दोनदां जमिनीवरून सुटतात. एकदां पाय पोटाखालीं गोळा झाले असतां, व एकदां पुढें-मागें पूर्ण ताणले असतां. पाठीचा कणा धनुष्याप्रमाणें वांकतो व सुटतो. खोल छातींत मोठें हृदय व मोठीं फुप्फुसें बसतात. डोकें अरुंद व डोळे बाजूंस असल्यामुळें त्यास माणसापेक्षां पुष्कळ अधिक रुंद प्रदेश एका वेळीं दिसतो, आणि दूरची हालचाल तत्काळ टिपतां येते. नाकानें माग काढणें हें त्याचें मुख्य काम नव्हे.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणें हें निरोगीपणाचें लक्षण आहे. पाहुणे 'कुत्रें उपाशी ठेवतां काय?' असें विचारतात, व मालक लाजून त्यास चारूं लागतो. लवकरच तें सुस्त होतें व त्याचे सांधे दुखूं लागतात. मात्र पाठीचे मणके व ढुंगणाचीं हाडें टोंचावीं तशीं वर आलीं असतील व मांड्यांचें मांस गेलें असेल, तर तो कृमींचा किंवा खऱ्या उपासमारीचा परिणाम समजावा.

३. स्वभाव व शिक्षण

कारवानी हा सर्वांचा मित्र नव्हे. घरच्या माणसांशीं तो अत्यंत एकनिष्ठ असतो, परंतु परक्यानें अंगास हात लाविलेला त्यास खपत नाहीं. तो फारसा भुंकत नाहीं. उभा राहून टक लावून पाहतो. मार त्यास मुळींच सोसत नाहीं. काठीनें शिकविलेलें कारवानी पिल्लूं एक तर भित्रें होतें किंवा चावरें, दोन्ही निरुपयोगी. दोन महिन्यांपासून चार महिन्यांपर्यंतचा काळ शिक्षणाच्या दृष्टीनें सोन्याचा होय. या काळांत पिल्लास घरांतील मुलें, म्हातारीं माणसें, गडी, बैल, शेळ्या व कोंबड्या यांच्यांत रोज वावरूं द्यावें, नांवानें हाक मारून जवळ येण्यास शिकवावें, आणि आलें कीं भाकरीचा तुकडा देऊन पाठ थोपटावी.

धांवत्या वस्तूमागें लागणें हें त्याच्या रक्तांतच आहे. म्हणून शेजाऱ्याची कोंबडी किंवा शेळीचें पिल्लूं हें पहिलें संकट असतें. लहानपणींच दोर लावून कोंबड्यांजवळ बसविण्याची सवय केली, तर पुढचें भांडण व भरपाई टळते. दोन महिन्यांपासून खुंट्यास बांधून वाढविलेल्या कुत्र्यास मात्र पुढें कोणतीही शिस्त लागत नाहीं.

४. निवारा व व्यायाम

या जातीच्या कातडीखालीं चरबीचा थर फार पातळ असतो. त्यामुळें थंडी त्यास लवकर बाधते, व कठीण जमिनीवर निजल्यानें कोंपरांवर घट्टे पडून पुढें जखमा होतात. कडब्याच्या किंवा गवताच्या जाड थरावर जुनें घोंगडें अथवा पोतें पसरावें, व तें आठवड्यास उन्हांत वाळवावें. पावसाळ्यांत जागा उंचावर असावी. जुन्नर, आंबेगांव, शिरूर यांसारख्या उंसाच्या पट्ट्यांत बिबट्यांचा वावर आहे, व कुत्रें हें बिबट्याचें आवडतें भक्ष्य होय. तेथें रात्रीं कुत्र्यास अंगणांत साखळीनें बांधणें म्हणजे त्यास बिबट्याच्या स्वाधीन करणें आहे. तो बंद दाराच्या खोलींत किंवा वरून-खालून जाळी लाविलेल्या खुराड्यांतच असावा.

सकाळीं व संध्याकाळीं मिळून निदान एक तास हिंडणें, आणि त्यांत कुंपणाच्या आंत थोडा वेळ मोकळी धांव, इतका व्यायाम त्यास रोज हवा. पिल्लूं एक वर्षाचें होईपर्यंत त्यास वाहनामागें किंवा शर्यतीसाठीं पळवूं नये. हाडें पक्व होण्यापूर्वीं पडलेला ताण जन्मभर राहतो. जेवणानंतर निदान दोन तास धांवूं देऊं नये. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, व त्यानें कांहीं तासांतच प्राण जातो.

उन्हाविषयीं आम्ही जें लिहितों तें पुस्तकांतून नव्हे, पश्चात्तापांतून लिहितों. आमच्या मळ्यावर 'तांबडी' नांवाची चार वर्षांची कारवानी कुत्री होती. चैत्रांतील एका दुपारीं घरचा मुलगा मोटारसायकलवरून गांवांत निघाला, व ती नेहमींच्या सवयीनें मागें धांवली. अंतर अवघें पांच किलोमीटर. गांवांत पोहोंचतांच तिची जीभ जांभळट झाली, तोंडाला फेंस आला व मागचे पाय लटपटूं लागले. मुलानें तिला सांवलींत निजविलें आणि पशुवैद्यांच्या शोधासाठीं धांवाधांव केली. त्यांत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासांत समोरच्या हौदांतील पाणी तिच्या अंगावर घालावें, हें कोणासही सुचलें नाहीं. दिवस मावळण्यापूर्वीं ती गेली. मुलास बोल लावण्यांत अर्थ नव्हता. वाहनामागें धांवण्याची सवय आम्हींच कौतुकानें लाविली होती, आणि उन्हाचा झटका आला असतां काय करावें हें त्यास कधीं सांगितलें नव्हतें.

कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. तो धापा टाकूनच अंगांतील उष्णता बाहेर काढतो. त्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारें १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ती १०५ च्या वर गेली कीं प्राणास धोका उत्पन्न होतो. असें झाल्यास प्रथम जागच्या जागीं सांवलींत सबंध अंगावर, विशेषतः पोट, जांघा व पाय यांवर, साधें थंड पाणी सारखें ओतावें व वारा घालावा. शुद्धीवर असल्यास थोडें थोडें पाणी पिऊं द्यावें, बळजबरीनें घशांत ओतूं नये. ओलें पोतें अंगावर झांकून ठेवूं नये, त्यानें उष्णता कोंडते. आधीं अंग थंड करणें व मग पशुवैद्यांकडे नेणें, हाच क्रम ठेवावा. फाल्गुनापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत सकाळीं नऊनंतर व संध्याकाळीं सहापूर्वीं या कुत्र्यास पळवूं नये.

५. आहार

नुसत्या भाकरीवर व ताकावर हा कुत्रा जगतो, पण त्याचें अंग भरत नाहीं. २५ किलो वजनाच्या, रोज व्यायाम घेणाऱ्या मोठ्या कुत्र्यास एक दिवसाचा साधारण आहार असा असावा : ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पाव किलो पिठाच्या भाकरी, पाव लिटर ताक किंवा दूध, दोन उकडलेलीं अंडीं, आणि दीडशे ग्रॅम शिजविलेलें मांस किंवा मासळी. हा आहार सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा. ज्या घरीं मांस शिजत नाहीं तेथें अंडीं, दही व शिजविलेली डाळ वाढवावी. दुधानें ढाळ होत असल्यास ताकच द्यावें. पिल्लास चार महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, व पुढें दोन वेळां खाऊं घालावें. शेवटची कसोटी तराजूची नव्हे, हाताची : बरगड्या हातास सहज लागाव्यात, पण त्यांवर मांसाचा पातळ थर असावा.

पुढील वस्तु कधींही देऊं नयेत. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. द्राक्षें व बेदाणे यांनीं त्याचें मूत्रपिंड निकामी होऊं शकतें. सांगली, सोलापूर व नाशिककडील बागाइतदारांनीं हें विशेष ध्यानीं धरावें, कारण बेदाण्याच्या शेडभोंवतीं कुत्रीं हिंडतच असतात. शिजविलेलीं हाडें फुटून त्यांचे तुकडे आंतड्यांत रुततात. शेळी-मेंढी कापल्यावर तिचें कच्चें काळीज व फुप्फुस कुत्र्यापुढें टाकण्याची चाल तर अत्यंत घातक आहे. त्या अवयवांत पाण्याच्या पिशव्यांसारख्या गांठी असतात; त्या खाल्ल्यानें कुत्र्याच्या पोटांत बारीक पट्टकृमि वाढतात, त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे बाहेर पडून मुलांच्या हातास लागतात, आणि माणसाच्या यकृतांत व फुप्फुसांत तशाच गांठी तयार होतात. असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत.

६. रोग व प्रतिबंध

पिसाळ रोगाचा क्रम पहिला. हा रोग प्रकट झाल्यावर त्यावर उपाय नाहीं. प्रतिबंध मात्र सोपा आहे. पिल्लूं तीन महिन्यांचें होतांच पिसाळ रोगाची लस टोंचावी, व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें, सामान्यतः दरसाल, ती पुन्हा द्यावी. कुत्र्यानें कोणास चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हळद, मिरची किंवा चुना जखमेंत भरूं नये, व मांत्रिकाकडे एक घटकाही दवडूं नये. कुत्रा आपला आहे, घरचा आहे, या सबबीवर लस टाळूं नये.

पिल्लांस डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत प्रथम द्यावी, व ती दर तीन-चार आठवड्यांनीं, पिल्लूं चार महिन्यांचें होईपर्यंत, पुन्हा द्यावी. पार्व्होनें रक्ताचे ढाळ होऊन पिल्लें दोन-तीन दिवसांत दगावतात; जेथें तसें झालें असेल त्या जागीं पुष्कळ महिने नवें पिल्लूं आणूं नये. जंताचें औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, व पुढें दर तीन महिन्यांनीं द्यावें.

गोचिडांमुळें रक्ताचे चिवट ज्वर येतात : कुत्रें मलूल होतें, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकांतून रक्त येतें. अशा वेळीं घरगुती उपाय न करितां रक्त तपासून घ्यावें. जनावरांच्या गोठ्यासाठीं आणलेलें गोचिडाचें औषध पशुवैद्यांस विचारल्याशिवाय कुत्र्यास लावूं नये. उंदरांसाठीं ठेविलेलें झिंक फॉस्फाइडचें आमिष आणि कीटकनाशकांचे रिकामे डबे यांनीं दरसाल पुष्कळ कुत्रीं मरतात. फवारणीच्या दिवशीं कुत्र्यास शेतांत नेऊं नये.

या जातीची कातडी पातळ असल्यानें कांटेरी तारेनें व बाभळीच्या फांदीनें ती सहज फाटते. जखम लहान दिसली तरी मिठाच्या पाण्यानें धुवून माशी बसूं देऊं नये, व लांब फाटल्यास त्याच दिवशीं टांके घालावेत. आणखी एक गोष्ट मालकानें आठवणीनें सांगावी. धांवत्या जातीच्या कुत्र्यांवर भुलीच्या कांहीं औषधांचा अंमल दीर्घकाळ टिकतो, हें ग्रेहाउंडांत सिद्ध झालेलें आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं 'हा कारवानी आहे' असें पशुवैद्यांस स्पष्ट सांगावें.

७. पिल्लाची निवड व पैदास

आज या जातीस सर्वांत मोठा धोका संकराचा आहे. शर्यतींच्या हौसेपायीं कारवानीशीं विलायती ग्रेहाउंड लावितात, व होणारीं पिल्लें शुद्ध म्हणून विकितात. ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत : ग्रेहाउंडाचा कान मागें घडी पडून मानेस चिकटतो, कारवानीचा सपाट खालीं लोंबतो, ग्रेहाउंडाच्या मांड्या व कंबर जाड मांसल असून कंबरेस कमान असते, कारवानी त्या मानानें सडसडीत असतो. तथापि संकराच्या पहिल्या पिढीनंतर खुणा पुसट होतात. म्हणून आईबाप दोन्ही डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय पिल्लूं घेऊं नये. आई भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लूं कितीही देखणें असलें तरी सोडावें. आठ आठवड्यांच्या आंत पिल्लूं आईपासून तोडूं नये. २०१७ च्या नियमांनीं अशी विक्री निषिद्ध आहे, व विक्रीसाठीं पैदास करणारानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणेंही आवश्यक आहे.

मादीस दोन वर्षांच्या आंत लावूं नये, व लागोपाठच्या दोन माजांवर पिल्लें घेऊं नयेत. माज सुमारें तीन आठवडे टिकतो. साधारणतः दहाव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान मादी नर घेते. गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा असतो. शेवटच्या तीन आठवड्यांत आहार हळूहळू वाढवावा; पिल्लें पितीं असतां तिला नेहमींच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागतें. विण्यापूर्वीं सुमारें एक दिवस आधीं अंगाची उष्णता ९९ अंशांच्या खालीं उतरते, ही खूण उपयोगी आहे. पितीं पिल्लें असलेली मादी एकाएकीं थरथरूं लागली व ताठरली, तर रक्तांतील चुना कमी झाल्याचें तें लक्षण होय. ताबडतोब पशुवैद्य बोलवावेत.

एकाच गांवांत तीच चार कुत्रीं पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लाविल्यानें वंश खचतो. खिल्लार वळूची निवड करितांना त्याच्या आईचें दूध व बापाची चाल आपण विचारतों. तशीच एक वही कुत्र्यांसाठीं ठेवावी. त्या वहींत आईबापांचीं नांवें, गांव, जन्मतारीख, उंची, आजार व मृत्यूचें कारण लिहावें, आणि बाप-लेक किंवा भाऊ-बहीण यांचा संबंध कटाक्षानें टाळावा. पांच गांवांनीं मिळून अशी वही ठेविली, तर दहा वर्षांत तिची किंमत कोणत्याही छापील प्रमाणपत्राहून अधिक होईल.

८. कायदा व आजचा उपयोग

'आम्ही ससा मारीत नाहीं, फक्त कुत्रें सोडून गंमत पाहतों', असें कित्येक म्हणतात. त्यांनीं हें जाणावें कीं, वन्य प्राण्याचा कुत्र्यांकरवीं पाठलाग करणें किंवा त्यास हांकणें याचाही समावेश कायद्यानें शिकारीच्या व्याख्येंतच केला आहे. हरणच नव्हे, ससाही त्या कायद्याच्या संरक्षणाखालीं आहे. शिक्षेची भीति बाजूस ठेविली तरी, माळावरील काळवीट व ससा हे आपल्याच मुलखाचें धन आहेत; एक देशी जात जगविण्यासाठीं दुसरी मारणें शहाणपणाचें नव्हे. रानडुकरें पिकाची नासधूस करितात हें खरें. परंतु त्यांच्यावर कारवानी घालणें हें कायद्याविरुद्ध तर आहेच, शिवाय डुकराच्या एका सुळ्यानें पातळ कातडीचा कुत्रा उभा फाटतो. नुकसानीची खबर वनखात्यास देऊन पंचनामा करून घेणें हाच योग्य मार्ग होय.

मग या कुत्र्याचा उपयोग काय? मळ्याची व वस्तीची राखण, हा पहिला. शांत बसून दूरची हालचाल टिपणारा व परक्यास जवळ न करणारा कुत्रा एकाकी वस्तीवर मोठा आधार असतो. घरच्या मुलांचा एकनिष्ठ सोबती, हा दुसरा. आणि जातिवंत पिल्लांची प्रामाणिक विक्री, हा तिसरा. देशी कुत्र्यांस आज मागणी आहे, व ती खोट्या मालानें भागविली जात आहे. मात्र ज्याच्याजवळ मोकळी जागा नाहीं, रोज एक तास वेळ नाहीं, व अंडीं-मांसाचा खर्च झेपत नाहीं, त्यानें हौसेनें हा कुत्रा आणूं नये. त्याचप्रमाणें शहरांतील गिऱ्हाईक चौथ्या मजल्यावर राहत असल्यास पैशाच्या लोभानें त्यास पिल्लूं विकूं नये. तें पिल्लूं वर्षभरांत रस्त्यावर येतें.

बैलाचें काम ट्रॅक्टरानें घेतलें, तरी चांगला शेतकरी खिल्लार गाय पाळतोच. कारण एकदां गेलेला वंश पैशानें परत मिळत नाहीं, हें त्यास माहीत आहे. कारवानीची गोष्ट तीच आहे. शिकारीचा काळ संपला, व तो संपला हें बरेंच झालें. परंतु शेंकडों वर्षांत आपल्या कोरड्या माळांनीं घडविलेला हा देह व हा स्वभाव त्याबरोबर नाहींसा होऊं देण्याचें कारण नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं या जातीचें कुत्रें असेल, त्यांनीं या महिन्यांत तीन कामें करावीं : लस टोंचून घ्यावी, वंशाची वही सुरू करावी, आणि उन्हाचा झटका आल्यास प्रथम पाणी ओतावयाचें असतें हें घरांतील प्रत्येक मुलास सांगून ठेवावें. तिसरें काम आम्हीं वेळेवर केलें असतें, तर तांबडी आणखी कांहीं वर्षें मळ्यावर राहिली असती.